खाडीचं दार

“आणि यात उघडं कुठे ठेवलंस?” हमीद उस्तादांनी विचारलं.

“कुठेच नाही!” विश्राम फुशारून म्हणाला.

खाडीच्या बांधाला बसवायचं पोलादी दार. त्याचा एकेक तुकडा विश्रामने कडेपर्यंत जस्ताने मढवून आणला होता. वेल्डिंगला चालणारा पातळ प्रायमर कारखान्यात होता की. पण तसला पाणचट थर विश्रामच्या डोळ्यांत भरेल तर ना!

“खारं पाणी शिरायला सुईएवढी जागा नाही, उस्ताद.”

“हं... जोड मग.”

दाराच्या आत अख्ख्या गावाची भातशेती होती. दार गेलं, की शेतात मीठ. त्यात विश्रामचं हे पहिलं स्वतंत्र काम. पहिल्या कामाच्या जोडावर उस्ताद स्वतः घणाचा घाव घालायचे, अशी कारखान्याची रीत. टिकला तर कारागीर. नाहीतर पुन्हा हेल्पर.

ठिणगी पडली आणि पांढरा धूर उसळला. जस्त तडतडत जळू लागलं, जोडात फुगे धरले. विश्राम खोकत बाजूला झाला.

घण पडला. जोड बिस्किटासारखा तुटला.

“पण मी सगळ्यात भारी थर निवडला होता!” विश्राम रडकुंडीला आला.

उस्तादांनी ग्राइंडर उचलला आणि एका तुकड्याची कड घासली. जस्त गेलं, खालचं कोरं पोलाद दिसू लागलं.

विश्राम पुढे धावला. “उस्ताद, गंज इथूनच धरेल!”

“इथूनच.”

“मग?”

“जोडही इथूनच धरतो.”

...

विश्रामने उस्तादांच्या हातातला ग्राइंडर मागून घेतला. साऱ्या कडा कोऱ्या केल्या, जोडल्या, घासून साफ केल्या. जोड निवल्यावर त्यावर जस्ताचा रंग चढवला.

उस्तादांनी सगळं बळ लावून घाव घातला. घण उसळून मागे आला. जोड जागचा हलला नाही.

दार बांधाला बसलं. अमावास्येच्या भरतीला खाडी दारावर थडाथडा आपटली. आत थेंब आला नाही. बांधावर गावाने एकच जल्लोष केला, विश्रामला खांद्यावर घेतलं. त्याला इतका आनंद झाला, की तो सगळ्यांदेखत रडला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पाऊल टाकताच त्याने विचारलं, “आता तरी मी कारागीर ना, उस्ताद?”

उस्तादांनी स्वतःच्या हातचा ताजा जोड पुढे सरकवला. घण त्याच्या हातात दिला.

“घाल घाव. हयगय करू नकोस.”