कुंभारणीच्या अर्ध्या फरश्या

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी, ते विचारू नका. तेव्हाही मोजणाऱ्याचे कुणी ऐकत नसे, एवढे मात्र नक्की.

एका कोरड्या मुलखात एक गाव होते आणि गावाला पाण्याची एकच बारव. काठापासून तळापर्यंत दगडी पायऱ्या, दोन्ही अंगांना चिरेबंदी भिंती. बारवेची राखण एक म्हातारा करी. पाण्याखाली किती पायऱ्या उरल्या ते तो रोज संध्याकाळी चावडीपुढे हलगी वाजवून सांगायचा. त्या दिवशी तीस उरल्या होत्या. आठवड्याला चार पायऱ्या उघड्या पडत होत्या आणि मृगाला अजून दहा आठवडे होते. पाऊस यायच्या आधीच तळ दिसणार, हे उघड होते. तळ दिसला की गाव उठणार, कारण नदी आठ कोसांवर होती.

लोक ऐकत आणि म्हणत, म्हातारा मोजतोय ना, मग आपल्याला कसली काळजी? एवढे बोलून चौथी घागर भरायला जात.

गावात एक कुंभारीण होती. तिची सासू तीन वर्षे अंथरुणाला खिळलेली. गाव उठले तर सासूला आठ कोस न्यायचे कसे, हा तिला घोर लागला. तिने म्हाताऱ्याला गाठले.

"बाबा, तुमचं सांगणं कानावर पडतं, पण डोळ्यांपुढं उभं राहत नाही," ती म्हणाली. "मला ते दाखवू द्या."

तिने मातीच्या फरश्यांवर चित्रे कोरली आणि त्या भट्टीत भाजल्या. गोष्ट एका कोल्ह्याची होती. तो मुंडावळ्या बांधून लग्नाला निघतो, वाटभर पाणी उधळत जातो आणि शेवटी तहानेने पडतो. म्हातारा पट्टीचा पोहणारा. त्याने बुड्या मारून पायरीपायरीला एकेक फरशी लावली. पाणी उतरेल तशी गोष्ट उलगडेल आणि लोक शहाणे होतील, असा तिचा बेत होता.

लोक शहाणे झाले नाहीत. कोल्ह्याची नवरी कोण, हे कळल्यावाचून कुणाला चैन पडेना. चार घागरी नेणारे सहा नेऊ लागले. एका गृहस्थाने तर आपली म्हैस दिवसातून दोनदा धुतली, आणि ती तशी बऱ्यापैकी स्वच्छच होती. त्या आठवड्यात सात पायऱ्या उघड्या पडल्या.

म्हातारा रागावला नाही, पण त्याचा आवाज बसला होता. "पोरी, माझं कुणी ऐकत नव्हतं खरं. पण त्यापायी कुणी जास्त पाणी तरी उपसत नव्हतं."

कुंभारीण खूप रडली. म्हाताऱ्याने उरलेल्या फरश्या काढून टाकल्या. दुसऱ्या दिवशी ती बारवेच्या पायरीवर नुसतीच बसून राहिली. समोर भिंतीच्या सांध्यात एक फुटकी बांगडी अडकली होती, नेमकी पाण्यालगत. वर अर्धी बांगडी, खाली पाण्यात तिचे प्रतिबिंब, आणि दोन्ही मिळून एक अख्खी बांगडी दिसत होती. दुपारपर्यंत गावाने पाणी भरून नेले, पाणी बोटभर उतरले आणि बांगडी पुन्हा फुटली. कुंभारीण उठून थेट चाकाकडे गेली.

या वेळी तिने अर्धीच चित्रे केली. अर्धे चाक, अर्धा बगळा, अर्धे कमळ. कोणत्या बाजाराच्या दिवशी पाणी कुठवर असायला हवे, ते म्हाताऱ्याने मोजून दिले आणि त्या त्या ठिकाणी भिंतीत एकेक फरशी बसवली. मग त्याने हलगी वाजवून सांगितले, की पाणी बेताने वापरले तर बाजाराच्या दिवशी चित्र पुरे होईल, नाहीतर दुभंगेल. सगळ्यांत खालची, तळाजवळची फरशी मात्र कुंभारणीने फडक्यात गुंडाळून दिली. तिच्यावर काय आहे, ते कुणाला सांगितले नाही.

पहिल्या बाजाराला चाक गोल जुळले. बघायला सारा गाव लोटला. दुसऱ्या बाजाराला बगळा आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यात वीतभर भिंत उघडी पडली. म्हैसवाले गृहस्थ खाली मान घालून घरी गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी म्हैस ओल्या फडक्याने पुसली. सहा घागरी नेणारे दोनांवर आले. आता म्हाताऱ्याने हलगी काढायच्या आधीच लोक त्याला विचारू लागले, "आज किती?"

मृग आला तेव्हा शेवटची फरशी अजून तीन पायऱ्या पाण्याखाली होती. गाव जागेवर राहिले. सासू आपल्याच अंथरुणावरून पावसाचा आवाज ऐकत होती.

"त्या शेवटच्या फरशीवर काय होतं गं?" तिने विचारले.

"काही नाही, सासूबाई. कोरी होती," कुंभारीण म्हणाली. "पाणी तिथवर गेलं असतं, तर बघायला कोण उरलं असतं?"

तात्पर्य: नुसती सांगितलेली माहिती कानावरून जाते आणि चित्रातली मनात ठसते, पण ते चित्र बघणाऱ्याला कुठे नेणार, हे काढणाऱ्याने आधी पाहावे.