फोनने घेतलेला वसा

एका स्वयंपाकघरातल्या फोनने वसा घेतला होता: द्वारकाकाकूंनी हो म्हटल्याशिवाय रूप बदलायचं नाही. कारण गेल्या श्रावणात एक अपडेट न विचारताच त्याच्या अंगात शिरलं, काकू त्याच्यावर वाचत त्या कहाणीची मोठी अक्षरं मुंगीएवढी झाली आणि काकूंची शुक्रवारची पूजा कहाणीविनाच उरकली.

तेव्हा कोपऱ्यातला पाटा म्हणाला होता, "बाळा, गुळगुळीत झालो की मलाही टाकी लागते. पण टाकीवाला दारात हाक मारतो, काकू हो म्हणतात, मगच माझ्यावर घाव बसतो."

यंदा काकू अक्षता घेऊन कहाणीला बसल्या, तोच अपडेट पुन्हा टपकलं. "सरक, आत येऊ दे. सगळ्यांनी घेतलंय मला. तू जुनाट ठरशील!"

"ठरू दे," फोन म्हणाला. "उंबऱ्याबाहेर थांब. आधी कहाणी होईल, मग काकूंना विचारीन."

"आणि त्या नको म्हणाल्या तर?"

"तर आल्या पावली परत जायचं!"

काकूंनी मोठ्या अक्षरांतली कहाणी शेवटपर्यंत वाचली. पाटा गालात हसला.

बायांनो, तुमचं भलं करायला कोणी न विचारता घरात शिरू लागलं, तर तुम्हीही त्याला असंच उंबऱ्याबाहेर थांबवा.