पेढीच्या दारातली रांग

नदीकाठच्या एका बाजारगावात त्र्यंबकशेट नावाचा पेढीवाला राहत असे. लोक आपली पुंजी त्याच्याकडे ठेवत आणि गरजेला काढून नेत.

एका वर्षी दक्षिणेकडे लढाई पेटली. घोंगड्या विणणारी काही कुटुंबे जीव वाचवून या गावात आली आणि वेशीबाहेर झोपड्या बांधून राहिली. माणसे कष्टाळू होती. चार पैसे मागे पडू लागले. पण कोणतीच पेढी ते ठेवून घेईना. "तुम्हाला इथं ओळखतं कोण?" एवढेच उत्तर मिळे. मग ही माणसे आपली कमाई कमरेला बांधूनच हिंडत. चोरांना हे कळायला वेळ लागला नाही. बाजाराच्या वाटेवर त्यांनी बसाप्पा विणकराला गाठले, त्याचा हात मोडला आणि सगळे लुटून नेले.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको मल्लव्वा त्र्यंबकशेटच्या पेढीवर आली.

"शेटजी, माझ्या माणसाचा हात गेला. उद्या कुणाचा जीव जाईल. आमचे पैसे ठेवून घ्या."

मुनीम म्हणाला, "पण वहीत यांची ओळख कोणाची लावू?"

शेटने वही मुनिमापुढे सरकवली. मग म्हणाला, "माझी लाव."

त्यानंतर सगळेच विणकर पेढीत पैसे ठेवू लागले. साठलेल्या पैशांतून कोणी नवा माग घेतला, कोणी पक्क्या भिंती उभ्या केल्या. बाजारात दलाली करणाऱ्या नागोजी आडत्याच्या डोळ्यांत हे खुपू लागले. त्याने बाजारात उठवून दिले, "परक्यांच्या नादानं पेढी बुडाली!"

दुपारपर्यंत पेढीसमोर ही गर्दी! जो तो आपले पैसे मागू लागला. बराच पैसा व्यापारात गुंतलेला होता. सगळ्यांना एकदम देणे शक्य नव्हते. तिजोरी रिकामी होत चालली. घाबरलेले विणकरही येऊन रांगेत उभे राहिले.

नागोजी ओरडला, "आधी गावच्या माणसांचे द्या! परक्यांचं मागाहून बघू!"

गर्दीने तेच उचलून धरले. एक दगड दारावर आदळला.

मुनीम कुजबुजला, "शेटजी, हो म्हणा. नाहीतर पेढी फोडतील."

शेट उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. "पेढीत ठेवलेला पैसा कुणाचाच परका नसतो. रांगेत जो पुढं, त्याला आधी मिळेल."

मल्लव्वाची पाळी आली. तिजोरीचा तळ तिला दिसत होता. बसाप्पा हळूच म्हणाला, "घे आणि चल." ती शेटकडे बघत राहिली, मग गर्दीकडे वळली.

"मी पैसे काढायलाच आले होते. आता नाही काढत. दारावर दगड आदळूनही जो आमचा पैसा दुसऱ्याला देत नाही, तो तुमचा बुडवील कसा?"

ती रांगेतून बाहेर पडली. एकेक करून विणकर तिच्यामागे निघाले. मागे उभी असलेली गावातली एक म्हातारी घुटमळली आणि तीही घराकडे वळली. हळूहळू रांग विरली.

नागोजीने हट्टाने आपले पैसे घरी नेले. ते राखायला त्याला दाराशी पहारेकरी ठेवावा लागला. विणकरांची वस्ती मात्र दोन-तीन वर्षांत गावाचीच एक आळी होऊन गेली.

तात्पर्य: नव्याने आलेल्याची कष्टाची कमाई जो संकटातही आपल्या माणसाच्या कमाईइतकीच जपतो, त्याच्याकडेच सगळ्यांची कमाई सुरक्षित राहते.