सात मुठी एकदम

एका गावात एक नवी सून नांदायला आली. घर बरं होतं, नवरा बरा होता, आणि सासूही बायका सांगत होत्या तेवढी कडक नव्हती. फक्त चुलीशेजारच्या फळीवर एक मडकं होतं आणि त्या मडक्याचा एक नियम होता.

पहिल्याच सकाळी सासूने तो सांगितला. "भाकरीचं पीठ मळायच्या आधी त्यातली एक मूठ या मडक्यात टाकायची. रविवारी मडकं चर्चमध्ये जातं. ज्यांची चूल पेटत नाही त्यांच्याकडे पाळकसाहेब ते पीठ पोचवतात."

"बरं, आई."

"थांब, संपलं नाही. मूठ टाकताना प्रभूचे उपकार मानायचे. एका मुठीला एक उपकार. आणि कालचा आज चालत नाही."

"रोज नवा? कुठून आणू?"

"दाराबाहेर बघ. मी चाळीस वर्षं बघतेय, अजून संपले नाहीत."

सून दाराशी जाऊन उभी राहिली. बाहेर अंगण, अंगणात कोंबड्या, आणि कुंपणापलीकडे शेजारची म्हातारी. ती एकटी राहायची आणि रोज सकाळी भांडायची.

"ए नव्या नवरी! तुझी तांबडी कोंबडी पुन्हा माझ्या कोथिंबिरीत! तुझ्या माहेरी कोंबड्या डालत नाहीत का?"

सून आत आली. तिने मूठ भरली, डोळे मिटले. "प्रभू, मध्ये कुंपण आहे, त्याबद्दल तुझे उपकार मानते. आमेन."

सासूने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं. पण उपकार नवा होता. चालला.

हळूहळू सुनेला सवय झाली. एके दिवशी दोडक्याच्या वेलाला पहिलं फूल आलं, ते मडक्यात गेलं. एके दिवशी आमटी खारट झाली आणि नवरा गुपचूप जेवला, तेही गेलं. एकदा म्हातारीने भांडता भांडताच कोथिंबिरीची एक जुडी कुंपणावरून फेकली. "घे, कोंबडीनं उष्टी केलेली आहे!" जुडी स्वच्छ होती. त्या दिवशी सुनेला उपकार शोधावा लागला नाही.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी सासू महिनाभर परगावी निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "मडकं सांभाळ."

आता सगळं घर सुनेच्या अंगावर आलं. नवरा उजाडायच्या आत शेतावर जायचा, त्याच्या भाकरी त्याआधी व्हायला हव्यात. पाणी, गाय, शेण, भांडी. एका सकाळी पिठात हात घालता घालता तिला वाटलं, रोज डोळे मिटून थांबायचं कशाला? शनिवारी सात मुठी एकदम टाकू. पीठ तर तेवढंच भरेल.

तसंच केलं. सात मुठींना मिळून एकदाच म्हणाली, "सगळ्याबद्दल उपकार. आमेन." रविवारी पाळकसाहेबांनी मडक्यात डोकावून पाहिलं. "वा, काठोकाठ!" कुणाला काही कळलं नाही.

पुढच्या आठवड्यातही तसंच. शनिवारी सकाळी ती परात आणि मडकं घेऊन बसली. पण गेल्या खेपेचं ते घाऊक आमेन तिला जरा बोचत होतं. म्हणाली, आज तरी एका मुठीला एक उपकार मानू. आठवून आठवून मानू.

रविवार. पाळकसाहेबांनी उपदेश लवकर आटोपला. एक मूठ.

सोमवार. म्हातारीने कोंबडीला काठी फेकून मारली आणि नेम चुकला. दुसरी मूठ.

मंगळवार. कुंपणावरून पुन्हा जुडी आली. तिसरी.

बुधवार. म्हातारी सकाळी नेहमीपेक्षा जोरात ओरडली, म्हणजे तिचा खोकला गेला असणार. चौथी.

गुरुवार.

हातात पीठ तसंच राहिलं. गुरुवारचं काहीच आठवेना. फार शांत वाटलं होतं त्या दिवशी. तिला ते आवडलंही होतं. तांबडी कोंबडी चोचीत कोथिंबिरीचं पान घेऊन परत आली होती. शुक्रवारीही आली होती.

मग कुणी ओरडलं का नाही?

सून उठली आणि तशीच धावत सुटली. कुंपणाला वळसा घालून म्हातारीच्या दाराशी पोचली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत म्हातारी भिंतीपाशी जमिनीवर पडली होती. पाय सुजलेला, ओठ सुकलेले, शेजारी तांब्या, तोही रिकामा.

"आजी!"

म्हातारीने डोळे उघडले. आवाज असा नव्हताच. "आलीस? बुधवारी रात्री घसरले गं. ओरडून पाहिलं. आवाजच फुटेना."

सुनेने डाव्या हाताने माठातलं पाणी घेतलं आणि घोट घोट पाजलं. म्हातारी थोडी सावध झाली. तिची नजर सुनेच्या उजव्या हाताकडे गेली. "मूठ कशाला आवळलीस? मारतेस की काय मला?"

सुनेने मूठ उघडली. गुरुवारचं पीठ तिच्या हातातच होतं. तिने चूल पेटवली, त्याच मुठीची पातळ पेज केली आणि म्हातारीला चमच्याने भरवली. मग वैद्यांना बोलावून आणलं. त्यांनी पाय बांधला. म्हणाले, "बरी होईल. पण अजून एक दिवस गेला असता, तर मला बोलावून उपयोग नव्हता."

रविवारी पाळकसाहेबांनी मडकं उचललं. "या खेपेला हलकं कसं?"

"बाकीच्या मुठी शेजारी पोचल्या," सून म्हणाली.

महिन्याने सासू परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने फळीकडे पाहिलं. "मूठ चुकली नाही ना?"

"पीठ चुकलं नाही, आई," सून खाली बघत म्हणाली. "बघायचं चुकलं." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

सासूने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "आता?"

"आता रोज एक."

दुसऱ्या सकाळी दोघी चुलीपाशी बसल्या. सुनेने मूठ भरली आणि ती थांबून राहिली. एवढ्यात कुंपणापलीकडे काठी आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ खणखणीत हाक.

"ए नव्या नवरी! तुझी ती तांबडी भवानी बघ, माझ्या कोथिंबिरीत!"

सुनेने डोळे मिटले. मूठ मडक्यात सोडली.

"आमेन," सासू म्हणाली.

तात्पर्य: उपकार साठवून मानायचे नसतात. जो रोज देवाचे आभार मानायला थांबतो, त्याला शेजारी कोण पडलंय तेही रोज दिसतं.