जात्यांचा पार

खरसुंबीच्या वेशीवर, कडूलिंबाभोवती जो गोल पार दिसतो तो घडीव दगडांचा नाही. जवळ जाऊन पाहा. ती दळायची जाती आहेत, घराघरातली. प्रत्येकाच्या वरच्या तळीवर, म्हणजे फिरत्या दगडावर, काहीतरी कोरलेलं आहे. कुठे विहिरीतून शेळी वर ओढणारी बाई, कुठे बाजारात हरवून एकटाच घरी परतलेला कुत्रा. शहरातले पाहुणे फोटो काढतात आणि विचारतात, कलाकार कोण? कलाकार कसली, बयना टाकीवाली होती ती. आणि तिनं हे हौसेनं केलेलं नाही.

बयना जात्यांना टाकी लावायची. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की पीठ जाडंभरडं पडतं. मग टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, ठोकून दगड पुन्हा खरखरीत करावा लागतो. ओसरीवर तिची ठकठक सुरू झाली की घरातली बाई शेजारी बसून मन मोकळं करायची. त्यामुळे गावातलं कुठलंच घर तिला परकं नव्हतं.

मग म्हणे पाऊस गेला तो गेलाच. आड आटले, गुरं मेली आणि एकेक घर जगायला बाहेर पडलं. डोक्यावर गाठोडं, काखेत पोर. जातं कोण वाहणार? जो तो जाताना ते बयनाच्या दारात ठेवायचा.

"टाकी लावून ठिव गं बयना. आलो की दळू."

"ठिवते. या लवकर," एवढंच ती म्हणायची. थांबा म्हणायला तिच्याकडे मूठभर दाणे तरी कुठे होते?

सगळी जाती सारखीच. परत आल्यावर कोणाचं कोणतं, हे कसं कळणार? अक्षर ना तिला येत होतं, ना त्यांना. म्हणून तिनं ज्याच्या त्याच्या घरची गोष्टच तळीवर कोरली आणि जाती झाडाभोवती रचली, वाटेवरून येणाऱ्याला लांबूनच दिसावीत म्हणून.

शेवटी गावातच दिलेली तिची लेक सारजाही निघाली, तान्हं पोर घेऊन.

"आये, चल की गं. हितं काय खाशील?"

"समद्यांस्नी शब्द दिलाय, सारजे. ही टाकून कशी येऊ?"

सारजा वळून वळून बघत गेली. तिच्या जात्यावर बयनानं कोरलं, दळणाऱ्या आईच्या मांडीवर निजलेलं पोर. लहानपणी सारजा तशीच निजायची.

पुढे पाऊस आला. माणसं परतू लागली, आपापलं जातं ओळखून त्याला मिठी मारू लागली आणि पडकी घरं उभी होईतो तिथेच दळू लागली. सारजा आली नाही. कोणी म्हणे तिला घाटाखाली पाहिलं, कोणी म्हणे तापानं गेली. धड कोणालाच सांगता येईना. बयना तिला शोधणार तरी कुठे? रोज सकाळी ती लेकीच्या जात्याला टाकी लावायची, आल्या आल्या दळता यावं म्हणून. न दळलेल्या जात्याला टाकी लागत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण हात राहत नव्हता. घावागणिक दगड झिजत होता. बाया बघायच्या, डोळे पुसायच्या, पण तिच्या हातातली टाकी काढून घ्यायचा धीर कोणालाच झाला नाही. वरचं चित्र तसंच राहिलं आणि खालून तळी झिजत झिजत भाकरीएवढी पातळ झाली. एका सकाळी तिला आरपार चीर गेली. बयनानं टाकी खाली ठेवली आणि हंबरडा फोडला. लेक गाव सोडून गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

बाया धावत आल्या. त्यांच्यातली थोरली, धोंडाई, म्हणाली, "आमी आमची जाती नेत न्हाय, बयना. तुजी सारजा आली की मग नेऊ."

आजही खरसुंबीत कोणी आपलं जातं घरी नेलेलं नाही. गावात चक्की आली, तरी सणाची पहिली मूठ बाया इथेच येऊन दळतात. ती मधली पातळ, चिरलेली तळी दिसते ना, तिच्यावर मात्र कोणी दाणा टाकत नाही. जाती का नेत नाही म्हणून विचारलं, तर गावातली शाळकरी पोरंसुद्धा सांगतात, सारजा अजून यायची आहे.