खेमाची आण

फार फार वर्षांपूर्वी, निवळवाडीला बैलगाडीची वाटसुद्धा नव्हती तेव्हाची ही गोष्ट. त्या डोंगरवाडीत खेमा माळी राहायचा. एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बागकाम करताना त्याला डेलियाचे कंद मिळाले आणि त्याने ते आपल्या अंगणात लावले. थंडी पडली की अंगण असं फुलायचं, की घाटाखालची माणसं बघायला वर चढून यायची. एकेक फूल परातीएवढं व्हायचं, असं म्हणतात. आपण ताटलीएवढं धरू.

खेमाला त्या फुलांचा भारी तोरा. तशी फुलं दुसऱ्या कुणाच्या दारात दिसायला नकोत. पण कंद मागायला कोणी आलं तर तो नाही म्हणायचा नाही; तोंडावर नाही म्हटलं की माणूस वाईट दिसतो ना! तो आत जायचा, कंदाच्या मानेवर जिथून कोंब फुटतो तो डोळा विळ्याने अलगद उडवायचा आणि उरलेला कंद हसत हसत हातावर ठेवायचा. असा कंद जमिनीत मुळं धरतो, टणक राहतो, पण वर काही येत नाही. लोक वाट बघून थकायचे आणि आपल्याच मातीला बोल लावायचे.

त्याच वाडीत ठमाई नावाची म्हातारी औषधपाणी करायची. तिच्या हाताला गुण होता. तिने नुसतं कपाळाला हात लावला तरी ताप उतरायचा, असं म्हणतात. खेमाने जुने म्हणून टाकून दिलेले कंद ठेचून भाजलेल्या जागी लावले की आग थांबते, गळवावर बांधले की ते पिकून फुटतं, हे तिनेच ताडलं. मग घरचेच कंद असावेत म्हणून तीही मागायला आली. खेमाने तिलाही तसलेच दिले. म्हातारीने डोक्यावरून पाणी आणून ते जपले.

पुढे खेमाच्या तळहाताला गळू झालं. ठणका सोसवेना, तसा तो ठमाईच्या दारी गेला. तिथे लोहाराची सगुणा पोराला मांडीवर घेऊन बसली होती. उकळती पेज सांडून पोराची पाठ भाजली होती.

"आजी, हात तरी लाव गं!" सगुणा रडत होती.

"न्हाई गं बाय. माजा हातगुण सरला," ठमाई म्हणाली. "ह्या खेमानं मोठ्या मनानं कंद दिलं. म्या पाणी घालून मेले, येक कोंब न्हाई आला. ज्या हाताखाली रुजत न्हाई, त्यो लेकराला कसा लावू?"

खेमा गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण पोर कण्हत होतं आणि ठमाई आपले हात पदराखाली लपवत होती. ते त्याला बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, तुजा हात चांगला हाय," तो खाली मान घालून म्हणाला. "डोळं म्या कापलं. तुज्या कंदाचं, समद्यांच्या कंदाचं."

ठमाई उठली. तिने अंगणातला कंद उकरला, ठेचला आणि पोराच्या पाठीवर लेप दिला. पाठीवर डागसुद्धा राहिला नाही, असं म्हणतात. मग तिने खेमाचा हात बघायला मागितला. त्याने तो मागे घेतला. शरमेने त्याला तो पुढे करवला नाही.

घरी जाऊन त्याने ठणकत्या हातानेच भर बहरातला ताटवा खणला आणि घरोघरी जाऊन डोळ्यांसकट कंद लावून दिले. पुढच्या थंडीत सगळी वाडी फुलली. लोक फुलाला खेमाचं नाव द्यायला निघाले, तर तो कळवळून म्हणाला, "फुलाला नगं रं. कंद देताना घ्या माजं नाव. देणाऱ्याला लाज ऱ्हाईल."

अजूनही निवळवाडीत कंद देताना देणारा डोक्यावरचं मुंडासं काढतो, घेणाऱ्याचा अंगठा धरून कंदाच्या डोळ्यावर टेकवतो आणि मान खाली घालून म्हणतो, "खेमाची आण."