पाळण्याच्या दोन दोऱ्या

एका राज्यात, ज्याचं नाव मी सांगणार नाही आणि तुम्ही विचारायचं नाही, एक राजा होता, एक राणी होती आणि एक पाळणा होता. राजा धैर्यसेन. त्याला या गोष्टीत काही काम नाही, म्हणून तो दूर सीमेवर लढाईला गेला आहे असं समजा. राणीचं नाव इंदुवदना. पाळण्यात तिची सात महिन्यांची लेक, अवंती. पाळणा चंदनाचा, कड्या चांदीच्या, दोरी रेशमाची. दोरी एकच. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या राज्याची रीत अशी, की बारशाच्या दिवशी ज्या बाईच्या आवाजाने बाळ निजेल, तिच्या हाती पाळण्याची दोरी द्यायची. मूल दोन वर्षांचं होईतो अंगाई गाईल ती तीच. जिच्या हाती दोरी नाही तिने त्या बाळाला गाऊन दाखवायचं नाही, मग ती जन्मदाती का असेना. गरिबाघरी दोरी आईकडेच जाई, कारण गायला दुसरं होतंच कोण? राजवाड्यात मात्र बारशाला बायका जमल्या, पहिला मान राणीचा आला, आणि राणीने मान फिरवली.

"आम्ही गात नाही," ती म्हणाली.

का नाही, ते तिने सांगितलं नाही. मीही आत्ता सांगत नाही. मग ठकू नावाची म्हातारी दाई पुढे झाली. तिने दोन ओळी म्हटल्या आणि बाळाचा डोळा लागला. दोरी ठकूची झाली.

झालं! त्या दिवसापासून राणीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेना.

रोज दुपारी ठकू पाळण्यापाशी बसे. एक पाय दुमडलेला, हातात दोरी, डोळे अर्धे मिटलेले. ती गाऊ लागली की अवंतीच्या मुठी सुटत, श्वास संथ होई, झोपेतसुद्धा ओठांवर हसू येई. जागी झाली की ठकूच्या तोंडाकडे बघून तिच्यासारखेच ओठ हलवी. "बा" म्हणे, "गा" म्हणे. राणी दाराआड उभी राहून हे बघत असे. लेकीला उचललं की तिच्या जावळाला ठकूच्या पदराचा वास येई, ओव्याचा आणि धुराचा. राणी ते जावळ दोनदा गुलाबपाण्याने धुवी. तरी वास यायचाच, निदान राणीला तरी.

'नऊ महिने पोटात मी वाढवली,' ती मनात म्हणे, 'आणि डोळे मिटायला हिला ठकू हवी!'

तिने सोन्याचा खुळखुळा आणवला. बाळाने तो फेकला. मोरपिसांचा पंखा आणवला. बाळ शिंकलं. शेवटी ठकूकडून दोरी मागून घेतली आणि दरबारच्या गवयाच्या हाती दिली. बुवांनी कानावर हात ठेवून अशी तान घेतली, की खिडकीतली कबुतरं उडाली आणि अवंतीने जे भोकाड पसरलं, ते ठकूने येऊन घेईपर्यंत आवरलं नाही. ठकूच्या खांद्यावर मान टाकताच पोर गप्प. राणीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

अंतःपुरात एक साळुंकी होती. पिंजऱ्याचं दार उघडंच असे, पण ती जात नसे, तिला इथल्या भानगडी ऐकायच्या असत. ती म्हणाली, "राणी गं राणी, जळतेस कशाला? रीत मोडून एकदा गाऊन बघ."

"तोंड सांभाळ," राणी म्हणाली.

आणि त्याच दुपारी तिने आपला एक केस जाळला. केस जाळला की मौनभद्र येत असे. मौनभद्र म्हणजे आवाज चोरणारा मांत्रिक. वाईट कामाला तो घरपोच येतो. तेच काम उलटवायचं असलं, तर मात्र त्याच्या दारी जावं लागतं.

धुराबरोबर तो समोर उभा राहिला. हातात तांब्याचा करंडा.

"काय हवं?"

"ठकूची अंगाई. तिच्या गळ्यातून काढ."

"काढतो. मोबदला नको, आवाज माझ्यापाशी राहील तेवढं पुरे. पण एक ऐक. काढल्यावर रडू नकोस."

"मी कशाला रडू?"

मौनभद्राने हवेत चिमूट धरली आणि ओढली. आता बघा, इथे राणीची चूक झाली. ठकूला अंगाई दिली तिच्या आईने, तिला तिच्या आईने, एकीने ती बहिणीला दिली, बहिणीने नणंदेला, नणंदेने आणखी कुठल्या गावात नेली. घोंगडीचा एक धागा ओढावा आणि सगळी घोंगडी उसवत यावी, तशा राज्यातल्या झाडून साऱ्या अंगाया सरसर निघून आल्या आणि त्या करंड्यात गेल्या. टक्‌कन झाकण बसलं. मांत्रिक गेला.

ठकूने तोंड उघडलं. शब्द नाही, चाल नाही. तिने गळ्याला हात लावला, पुन्हा तोंड उघडलं, आणि दोरी मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

राणीला त्या दुपारी किती बरं वाटलं म्हणून सांगू! आता पोर आपल्याकडे वळेल, असं तिला वाटलं. पोर कुणाकडेच वळलं नाही.

पहिल्या आठवड्यात राज्यातली तान्ही मुलं निजेनाशी झाली. निजली तर दचकून उठत. दुसऱ्या आठवड्यात प्यालेलं दूध टिकेना. महिना झाला तेव्हा बोबडे बोल थांबले. बा नाही, गा नाही. हाक मारली तर मुलं मान वळवीनात, कारण कुठला आवाज आपला हे त्यांना कळेना. आणि आयांचं काय? बाळाला निजवता निजवता ज्यांचा स्वतःचा शीण निघायचा, त्यांचा तो अंगातच साठत गेला. विहिरीवर भांडणं, चुलीपाशी भांडणं. जी बाई कधी मोठ्याने बोलली नव्हती, तिने पोराच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसली.

अवंती तर पार सुकली. राणीने उचललं तरी छताकडे बघे. जणू उचलणारी एखादी खुंटी होती.

ठकू राणीपुढे येऊन उभी राहिली. "राणीसाहेब, माझं काही चुकलं का? माझ्याच पापाने हे झालं असेल, तर मला वाड्याबाहेर काढा. पण पोरीचं बघा."

राणीला तिच्याकडे बघवेना. "जा ठकू," एवढंच ती म्हणाली. ठकू गेल्यावर ती खाली बसली आणि ज्याला नाही म्हटलं होतं, ते रडू रडली.

"रडून झालं?" साळुंकी म्हणाली. "झालं असेल तर ऊठ. शिपाई पाठवून भागायचं नाही. ज्याने करंडा भरवला, त्यानेच जायचं. वाटेत तीन अडसर आहेत. पहिल्याला ताल हवा, दुसऱ्याला सूर, तिसऱ्याला बोल."

"यातलं माझ्यापाशी काहीच नाही."

"ते मला काय सांगतेस? चल."

राणी निघाली. अवंतीला कडेवर घेतलं, कारण खाली ठेवलं की ती काळीनिळी होई. साळुंकी पुढे उडत होती.

पहिली लागली थरथरती टेकडी. ती सदा कापत असे, चढणाऱ्याला खाली फेकत असे. पायथ्याशी कितीतरी शूरांच्या ढाली पडल्या होत्या. राणी चार पावलं चढली आणि सहा पावलं घसरली. गुडघा फुटला. अवंती किंचाळली. राणीला स्वतःचं दुखणं सुचलं नाही, तिने बाळाची पाठ थोपटायला सुरुवात केली. थोप, थोप, थोप. तिच्याच काळजाचे ठोके हाताला लागले होते, तेच हात देत राहिला. टेकडीने कापणं थांबवून ऐकलं. मग तीही त्याच लयीत हलू लागली, पाळण्यागत, इकडून तिकडे. राणी थोपटत थोपटत चढली आणि उतरली.

"हा ताल," साळुंकी म्हणाली. "कुणी शिकवला?"

"कुणी नाही."

"बरं."

दुसरं लागलं काळं तळं. त्यात एक यक्षीण बसली होती. तिच्या संमतीशिवाय पाणी वाट देत नसे.

"जे तू सगळ्यांपासून लपवलंस," यक्षीण म्हणाली, "ते इथे काढ. मग जा."

राणीने बांगड्या काढल्या. यक्षीण हसली. राणीने मुकुट काढला. यक्षिणीने जांभई दिली. तेव्हा राणीला कळलं, काय मागते आहे ते.

आता सांगतो. इंदुवदना नऊ वर्षांची असताना भर दरबारात तिला गायला उभं केलं होतं. तिने पहिला सूर लावला आणि गाण्याचे गुरुजी म्हणाले, "राजकन्येच्या गळ्यात फुटकं मडकं वाजतंय." सगळा दरबार हसला. बापही हसला. त्या दिवसापासून तिच्या गळ्यातून गाणं निघालं नव्हतं. बारशाला तिने मान फिरवली ती तोऱ्याने नव्हे, शरमेने. आणि जी शरम तिने गिळली, तिचा पुढे मत्सर झाला. ठकूचं गाणं डोळ्यांत खुपे, ते ठकू गाते म्हणून नव्हे, आपल्याला गाता येत नाही म्हणून.

राणीने डोळे मिटले आणि गुणगुणली. शब्द नाहीत, नुसता हुंकार. खरंच फाटका होता हो आवाज! मी खोटं बोलणार नाही. पण कडेवरच्या पोरीने महिन्यात पहिल्यांदा मान वळवली. आईच्या गळ्याला कान लावला. पोटात असताना हाच आवाज तिने नऊ महिने आतून ऐकला होता, तिला त्यात फुटकं काय आणि धड काय?

यक्षिणीने संमती दिली. पाणी दुभंगलं.

तिसरं लागलं मौनभद्राचं घर. भिंतींना फडताळं, फडताळांत डबे. एकात कुणाचं हसू, एकात देवळाची घंटा, एकात परत न आलेल्या मुलाची हाक. मधोमध तांब्याचा करंडा.

"आलीस?" मांत्रिक म्हणाला. "घे, उघड. पण करंड्याला शाप आहे. ज्या जळफळाटाने तो बंद झाला, तो जशाचा तसा ज्या अंगाईत गायला जाईल, त्याच अंगाईने तो उघडेल. आणि जिच्यावर जळलीस, तिचं नाव मायेने घ्यावं लागेल. राज्यातल्या साऱ्या अंगाया तर आतच आहेत. गाशील काय?"

राणी जमिनीवर बसली. एक पाय दुमडला, ठकूसारखा. अवंतीला मांडीवर घेतलं. हात थोपटू लागला, गळा गुणगुणू लागला. बोल येईनात. 'ठकू' म्हणायला गेली तर जीभ टाळ्याला चिकटली. ठकूच्या खांद्यावर टाकलेली ती लहानशी मान तिला आठवली आणि पोटात पुन्हा तसंच दुखलं. मग आठवली दोरी मांडीवर ठेवून बसलेली म्हातारी. 'माझं काही चुकलं का,' असं विचारणारी.

राणी गाऊ लागली.

"नीज गं अवंती, नीज माझे बाई,
सूर माझा फाटका, दुसरा मजपाशी नाही.
ठकूने निजवलं, मी दाराआड जळले,
तुझं हसू तिला गेलं, मी आतून पोळले.
नीज गं अवंती, ठकूचं ठकूला देऊ,
ठकू माझी माय गं, तिच्या मागून गाऊ."

अवंतीच्या मुठी सुटल्या. एक जांभई, दुसरी जांभई, आणि आईच्या दंडावर तिचा डोळा लागला. राणी गातच राहिली, कारण तिला थांबवेना. आपल्या पोटातलं दुखणं कधी थांबलं, हेही तिला कळलं नाही.

झाकण उडालं. साऱ्या अंगाया बाहेर आल्या आणि आपापल्या घरी गेल्या. बाकीचे डबेही पटापट उघडले. हसू गेलं, घंटा गेली, हाक गेली. मौनभद्राला जन्मात कुणी अंगाई गायली नव्हती. तो भिंतीला टेकला, घोरू लागला, आणि अजून उठलेला नाही. त्याला उठवायला कुणी गेलंही नाही.

राज्यात विहिरीवरची भांडणं थांबली. मुलं निजली, दूध टिकलं, घरोघर बा आणि गा सुरू झालं. राणी वाड्यात परतली ती थेट ठकूपुढे.

"ठकू, तुझी अंगाई मी काढवली. मला तुझा हेवा वाटला."

ठकूने तिच्याकडे रोखून पाहिलं. "राग आला आहे, राणीसाहेब," ती म्हणाली. "जाईल हळूहळू. पोरीला आणा."

ठकूने दोरी धरली आणि तीच जुनी अंगाई गायली. गोड गायली, नेहमीसारखी. अवंती पाळण्यात पडून ऐकत होती, पण निजेना. मान इकडे तिकडे वळवी, कुणाला तरी शोधी. राणी दाराशी उभी होती. न राहवून तिने बारीकसा फाटका हुंकार दिला. पोर खुदकन हसली आणि तिने राणीकडे हात पसरले.

ठकूच्या हातातली दोरी थांबली. ओठ मुडपले गेले. तिने मान खाली घातली आणि पदराची कड उगाच नीट करू लागली.

राणीने ते पाहिलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, तिला कळलं. सात महिने दाराआड उभं राहून ती त्या दुखण्याचा कण न् कण ओळखत होती. तिने पोरीकडे जायचं सोडून आधी साळुंकीला हाक मारली आणि कोठारातून रेशमाची आणखी एक दोरी मागवली. ती पाळण्याच्या दुसऱ्या कडीला स्वतः बांधली. मग ठकूसमोर बसली, एक पाय दुमडून.

"तू आधी," राणी म्हणाली. "मी मागून."

ठकूने डोळे पुसले आणि गायला सुरुवात केली. राणी एक सूर खाली, एक सूर बाहेर, पण मागोमाग गेली. अवंती एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. तिसऱ्या ओळीला निजली.

राजा लढाईहून आला तेव्हा त्याने विचारलं, "या पाळण्याला दोन दोऱ्या का?" साळुंकी म्हणाली, "महाराज, हळू बोला." त्या राज्यात तेव्हापासून पाळण्याला दोन दोऱ्या बांधतात, आणि दोघींतली एक बेसूर असली तरी कुणी हसत नाही.